मुलीचं नाव ‘ऋजुता’ ठेवायचंय. फार जुनाट वाटेल का? आणि नेमका उच्चार काय?

जुनाट अजिबात नाही. तसं हे कमी ऐकू येणारं नाव आहे, पण अनोळखी नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्यामुळे मराठी घरांबाहेरही ते पोचलंय. ‘ऋजु’ म्हणजे सरळ, वाकडेपणा नसलेला. त्यावरून ऋजुता, म्हणजे सरळपणा.

उच्चार आपल्याकडे ‘रुजुता’. ‘ज’ मात्र ‘जनता’तला, ‘जुना’तला नव्हे, इथे बरेच मराठी लोकही चुकतात. गुजराती आणि कन्नड माणसं ‘ऋ’चा ‘रु’च करतात, हिंदी आणि बंगाली भाषक ‘रि’ म्हणतात. त्यामुळे दिल्लीत गेलात की मुलगी ‘रिजुता’ होणार, हे गृहीत धरा. आपण ‘अम्रुता’ म्हणतो आणि ते ‘अम्रिता’, तोच प्रकार.

खरी कटकट इंग्रजी स्पेलिंगची. जन्मदाखल्यावर आर-यू की आर-आय, हे आधीच ठरवा आणि आधार, पासपोर्ट, शाळा सगळीकडे तेच ठेवा. मी आर-यू घेईन. देवनागरीत मात्र ‘रुजुता’ लिहू नका हो, ‘ऋ’ला आधीच फारशी कामं उरलेली नाहीत.