आंतोनियो गादेस यांना फ्लामेन्को या स्पॅनिश नृत्यात इतके महत्त्व का दिले जाते?

गादेस (१९३६–२००४) यांचा जन्म स्पेनमधील एल्दा येथे एका गरीब कामगार कुटुंबात झाला. स्पॅनिश नर्तकी पिलार लोपेस यांच्या नृत्यसंचात ते घडले, आणि १९७८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेनच्या राष्ट्रीय नृत्यसंचाचे ते पहिले संचालक होते.

माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण नृत्यरचनाकार म्हणून आहे. टाळ्या मिळवण्यासाठी केलेली पदलालित्याची कसरत बाजूला ठेवून त्यांनी फ्लामेन्कोतून सलग नाट्य उभे केले. स्पॅनिश नाटककार लोर्का यांच्या नाटकावर आधारित ‘बोदास दे सांग्रे’ (‘रक्तविवाह’, १९७४) या रचनेच्या अखेरीस दोन पुरुषांमध्ये सुऱ्यांची झुंज होते; ती संगीताविना, अत्यंत संथ गतीने नाचली जाते, आणि त्यामुळे प्रत्येक वाराआधीचा शरीरातील ताण, तोल सावरणारे पाऊल आणि रोखलेली नजर प्रेक्षकाला स्पष्ट दिसते. एरवी ठेक्यावर उभ्या असलेल्या या कलेत ठेकाच काढून घेण्याचे हे धाडस मला विलक्षण वाटते.

या रचनेवर दिग्दर्शक कार्लोस साउरा यांनी १९८१ मध्ये चित्रपट केला. त्यानंतर दोघांनी ‘कार्मेन’ (१९८३) आणि ‘एल आमोर ब्रुखो’ (१९८६) हे चित्रपटही केले. पाहायला सुरुवात करायची असेल तर १९८१ च्या चित्रपटापासून करावी.