गोधडीवर ॲप्लिकची, म्हणजे कापडाचे तुकडे कापून वर शिवलेली, पानंफुलं लावली आहेत, आता वरून टाके घालताना दोरा कोणता आणि शिवायचं कुठून?

आधी पानाफुलांच्या कडेला, अगदी चिकटून, पण त्यांच्यावर न चढता खालच्या मूळ कापडावरून एक शिवण फिरवा. मग फूल आपोआप वर उठून दिसतं. मोठ्या फुलाच्या आतला भाग मात्र मोकळा सोडू नका, धुतल्यावर तिथे फुगा येतो. पाकळीच्या शिरेवरून एकदोन रेघा मारल्या की पुरे. छोटी पानं तशीच राहू द्या.

दोरा ५० नंबरचा सुती घ्या. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, आणि बारीक दोरा कापडात बुडतो. टाके ठळक दिसायला हवे असतील तर ४० चा. नायलॉनचा पारदर्शक दोरा मी तरी वापरणार नाही. गरम इस्त्रीखाली तो वितळतो, आणि नाशिकच्या थंडीत रोज अंगावर घ्यायच्या गोधडीत तो टोचलेला कुणाला आवडेल? मेन रोडला दोरा घ्यायला जाताना कापडाचा तुकडा बरोबर न्या. रिळावरचा रंग गडद दिसतो, म्हणून दोऱ्याचा एक पदर कापडावर ठेवूनच ठरवा.

मशीनवर वळणं घेताना कापड पुढे सरकवणारे खालचे दाते उतरवा, १४ नंबरची नवी सुई लावा. हाताने शिवत असाल तर आपला धावदोराच उत्तम. फक्त ॲप्लिकखालचं जास्तीचं कापड आधी कापून टाका, नाहीतर सुई थरांतून जाता जात नाही आणि टाके लांबट पडतात.