चित्त्याची धाव राखाडी का झाली?

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण नागपूरहून केनियातील मसाई मारा येथे गेलो होतो. पेंच आणि ताडोबा येथे मी बरीच वर्षे छायाचित्रण करीत आहे. परंतु गॅझेल या हरणासारख्या प्राण्याच्या मागे धावणारा चित्ता प्रथमच टिपता आला. रंगीत छायाचित्र बरे आले आहे. मात्र तेच संगणकावर कृष्णधवल केल्यावर चित्ता, गवत आणि मागचा उतार असे सगळेच एकसारखे राखाडी दिसू लागले. आमच्या गटातील एक ज्येष्ठ म्हणतात की, फसलेले रंगीत छायाचित्र झाकण्यासाठीच ते कृष्णधवल करतात. माझे नेमके काय चुकले? सोबत छायाचित्र पाठवीत आहे.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपले छायाचित्र मी मोठे करून दोन-तीनदा पाहिले. चित्ता भरधाव असताना प्रत्येक ढांगेत दोनदा पूर्णपणे अधांतरी असतो; एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा ते पुढे-मागे ताणलेले असताना. आपल्याला यातला दुसरा क्षण मिळाला आहे, वळणासाठी तोल सांभाळणारी शेपटी स्पष्ट आहे आणि फोकस डोळ्यावर आहे. १/२००० सेकंदाचा शटर स्पीड योग्यच होता. चूक वेगाची नाही, उजेडाची आहे.

सावलीवरून दिसते की सूर्य आपल्या पाठीमागे होता. अशा समोरून पडणाऱ्या उजेडात चित्त्याची पिवळसर कातडी आणि ऑगस्टमधले वाळलेले गवत यांचा उजळपणा जवळजवळ सारखा असतो. रंगीत छायाचित्रात कातडीची तांबूस झाक आणि गवताची हिरवट झाक एवढ्या लहानशा फरकावर आपला डोळा प्राण्याला वेगळा काढतो. रंग काढून घेतला की तो आधार जातो. शिवाय अंगावरचे ठिपके शरीराची कड मोडून टाकतात, कारण गवतात लपण्यासाठीच ते असतात. निसर्गाने जे लपवायला दिले आहे, ते दाखवायचे असेल तर उजेडाची दिशा बदलावी लागते.

हे छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी मूळ माहिती जशीच्या तशी राखून, साठवलेले असेल तर ते काही अंशी सुधारता येईल. कृष्णधवल करताना नारिंगी आणि पिवळ्या रंगांचे नियंत्रण वेगवेगळे हलवावे. नारिंगी थोडा उजळ आणि पिवळा व हिरवा थोडे गडद केले की चित्ता गवतातून वर येतो. मात्र हात आवरता ठेवावा, नाहीतर प्राण्याच्या कडेला पांढरी किनार उमटते आणि ती कागदावर फार वाईट दिसते. पुढच्या वेळी कॅमेरा मोनोक्रोमवर आणि साठवण रॉवर ठेवावी. मिररलेस कॅमेऱ्यात मग व्ह्यूफाइंडरमधले जग आधीच कृष्णधवल दिसते आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. केवळ जेपीईजी साठवल्यास गेलेला रंग परत मिळत नाही.

आता उजेडाविषयी. मसाई मारा विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेमतेम दीड अंशावर आहे. तिथे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि जवळजवळ सरळ वर चढतो. हिवाळ्यात पेंचला नऊपर्यंत पुरणारा तिरपा उजेड तिथे साडेआठच्या आधीच संपतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी चालकाला सांगून ठेवावे की, आम्हाला प्राणी आमच्या आणि सूर्याच्या मध्ये हवा आहे. असा पाठप्रकाश मिळाला की सिंहाच्या आयाळीला आणि चित्त्याच्या पाठीला उजळ कड येते, आणि खुरांनी उडवलेला फुफाटा पांढऱ्या पडद्यासारखा उजळतो. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान मारा नदी ओलांडण्यासाठी विल्डबीस्ट या गुरांसारख्या दिसणाऱ्या शिंगाळ प्राण्यांचे कळप दरडीवरून खाली उतरतात, तेव्हाचा फुफाटा मी आयुष्यात विसरणार नाही. त्या वेळी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) फुफाट्याच्या उजळ भागावर ठरवावे आणि जनावरे काळी पडली तरी पडू द्यावीत. त्यांची शिंगे आणि वाकलेल्या माना एवढ्यानेच चित्र उभे राहते.

झेब्र्याचे मात्र वेगळे आहे. तो आधीच काळा-पांढरा, म्हणून सोपा वाटतो. पण कळप धावू लागला की एकाचे पट्टे दुसऱ्यात मिसळतात आणि कोणते डोके कोणाचे हे कळेनासे होते. तिथे १/३० किंवा १/६० वर पॅनिंग करावे, म्हणजे धावणाऱ्या प्राण्याबरोबर एकाच डोक्यावर कॅमेरा फिरवीत राहावे. पट्टे वाहतील, डोळा टिकेल. दहातली नऊ छायाचित्रे वाया जातात. तरीही मला हीच सर्वांत प्रिय आहेत.

या सरावासाठी केनियाला जाण्याची गरज नाही. आपल्या विदर्भातल्या शंकरपटात बैलजोडी धुरळा उडवीत येते, तेव्हा मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. तेवढेही जमले नाही तर हिंगण्याच्या पुढे एखाद्या गावाच्या शिवेवर संध्याकाळी परतणारी गुरे पुरेशी आहेत.

आपल्या ज्येष्ठांचे मत मला मान्य नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल गेऑर्ग शिलिंग्ज या जर्मन छायाचित्रकाराने पूर्व आफ्रिकेत मॅग्नेशियमच्या झोतात रात्रीचे प्राणी टिपले. आजही ती चित्रे पाहताना रंगाची उणीव जाणवत नाही. निक ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराने केनियातील अंबोसेली येथील हत्ती फिल्मवर, दूरचे जवळ आणणारे टेलिफोटो भिंग न वापरता, जवळून टिपले. त्यांची चित्रे बहुतांशी स्थिर मुद्रांची आहेत, त्यामुळे धावपळीसाठी ती नमुना म्हणून घेऊ नयेत. परंतु कृष्णधवल हा आधी घ्यायचा निर्णय असतो, हे ती चित्रे पाहिली की पटते. आपला निर्णय मात्र संगणकासमोर बसल्यावर झाला.

प्रश्न : चित्ता शिकारीला निघाला असताना सूर्याच्या योग्य बाजूला जाण्यासाठी चालकाला गाडी पुढे घेण्यास सांगावे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुळीच सांगू नये. चित्ता प्रामुख्याने दिवसा शिकार करतो, त्याची धाव काही शे मीटरच टिकते आणि मिळालेली शिकारही सिंह किंवा तरस पुष्कळदा हिसकावून नेतात. त्यात गाड्या आडव्या आल्या तर त्याची, आणि मादी असेल तर पिलांचीही, त्या दिवसाची उपासमार होते. अभयारण्यात वाट सोडून गाडी नेणे हे नियमाविरुद्धही आहे. शिकारीच्या आधी चित्ता बराच वेळ वाळवीच्या वारुळावर बसून माळ न्याहाळत असतो. गॅझेल कुठे चरत आहेत, सूर्य कुठे आहे हे पाहून वाटेवरची आपली जागा त्याच वेळी, लांबूनच, निवडावी आणि इंजिन बंद करून थांबावे. तो दुसरीकडे धावला तर ते छायाचित्र त्या दिवशी आपले नव्हते.