लॉन पिवळं पडलं म्हणून युरिया ओतू नका

मे संपत आला की लॉनचे प्रश्न सुरू होतात. यंदा तीन आले आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातले एक शेतकरी लॉनसाठीची सिलेक्शन-१ जातीची हरळी वाढवून तिचे मातीसकट कापलेले तुकडे, म्हणजे कार्पेट, विकतात. रान पिवळं पडलंय आणि दुकानदारानं गुंठ्याला ३ किलो युरिया सांगितलाय. अक्कलकोट रोडच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर वळवाच्या सरीनंतर तपकिरी चट्टे आलेत. तिसरे गोल्फचं मैदान बघून आलेत, त्यांना तितकं बारीक कापायचंय.

मोहोळकरांनो, युरिया टाकू नका. १०० चौरस मीटरच्या गुंठ्यावर ३ किलो म्हणजे जवळजवळ १.४ किलो निव्वळ नत्र. ४२-४३ अंशांच्या उन्हात, तेही बोअरच्या खारट पाण्यावर, पानं करपणारच. आधी खाली बसून पान बघा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे. आपल्या चुनखडीच्या रानात बहुतेक वेळा पहिलंच निघतं, आणि त्यावर युरिया कितीही ओता, उपयोग नाही. फेरस सल्फेट १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, ऊन चढायच्या आत फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. जमिनीत टाकलेलं चुनखडीत अडकून बसतं, म्हणून फवारणीच. नत्र द्यायचंच असेल तर जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर, पानं कोरडी असताना गुंठ्याला अर्धा किलो युरिया आणि लगेच पाणी. अर्धा किलो. तीन नव्हे.

कार्यालयवाल्यांचं दुखणं संध्याकाळच्या पाण्यात आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लॉन भिजवायचं, रात्रभर पानं ओली ठेवायची, वर वळवाची दमट हवा. बुरशीला आणखी काय हवं? उजाडताच चट्ट्याजवळ जा. दवात पानांवर कापसासारखे पांढरे तंतू दिसले तर पिथियम या कुजवणाऱ्या रोगाचा संशय धरा. ऊन वर आलं की ते दिसत नाहीत, म्हणून दुपारी मोबाईलवर काढून पाठवलेल्या फोटोवरून मी काही सांगत नाही. दुकानातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणलंत, पण ते पिथियमवर चालत नाही. त्यात कीटकनाशक आणि टॉनिक एकाच टाकीत मिसळून मारायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. औषध रोग ओळखल्यावर, लेबल वाचून, लेबलवरच्याच मात्रेत. दुप्पट मारल्यानं रोग दुप्पट वेगानं जात नाही, गवत मात्र जातं. संध्याकाळचं पाणी आजच बंद करा, ओल्या गवतावर मशीन फिरवू नका आणि चट्ट्यावरून आलेलं पातं धुऊन घ्या.

पाणी पहाटे द्या, खोल द्या, दिवसाआड नव्हे तर तीन दिवसांनी द्या. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण रोज संध्याकाळी पाइप फिरवतो. रोजच्या शिंपणानं मुळं वरच राहतात आणि क्षारही वरच साठतात. मेमध्ये हरळीला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर लागतं, म्हणजे तीन दिवसांचे गुंठ्याला दीड हजार लिटर. काळ्या रानात ते एका दमात मुरत नाही. अर्धं द्या, तासभर थांबा, मग उरलेलं. स्प्रिंकलरखाली चार सपाट डबे ठेवून मोजा, अंदाजावर जाऊ नका.

गोल्फचं ग्रीन ३-४ मिलिमीटरवर कापतात हे खरं, पण खाली फूटभर वाळूचा थर, त्याखाली खडी आणि निचऱ्याच्या नळ्या असतात. वर बुटकी संकरित हरळी आणि जवळजवळ रोज फिरणारं रीळ मशीन, म्हणजे कात्रीसारखं कापणारं. दुपारी तिथं मिनिटभर फवारा मारतात तो पानं थंड करायला, पाणी म्हणून नव्हे. आपल्या काळ्या मातीत, फिरत्या पात्याच्या मशीननं तसं कापलंत तर नुसते खोडके उरतील. उन्हाळ्यात ३० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.

हुमणीसाठी, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीसाठी, आत्ताच दाणेदार कीटकनाशक टाका म्हणणाऱ्यालाही हात जोडा. हुमणीचे भुंगेरे वळवानंतर कडुलिंब-बाभळीवर येतात, अळीचं नुकसान जुलैपासून दिसतं. आत्ता संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे गोळा करा, प्रकाश सापळा लावा आणि मेटारायझियम, म्हणजे अळी मारणारी बुरशी, पावसाची ओल धरल्यावर द्या. कुणी जुनं फोरेट हे कीटकनाशक काढून दिलं तर घेऊ नका, ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर बंदी आहे.

सूक्ष्म सिंचनाचं (ठिबक-तुषार) अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर: अल्प-अत्यल्प भूधारकांना ८०, इतरांना ७५ टक्के, मापदंडाच्या मर्यादेत. कार्यालयाच्या शोभेच्या लॉनला मिळत नाही, विचारू नका.

माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. बोअर अर्धा तास चालवून मग एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळून भरा. खताची किंवा औषधाची रिकामी बाटली आणू नका.