वही भावाच्याच हातात द्या

ताई, तुमचा भाऊ मानसिक आजाराच्या गोळ्या नियमित घेऊ लागला, ही मोठी मजल आहे. आता त्याच्या शरीराकडे बघा. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि बऱ्याचदा कारण असतं हृदयविकार, मधुमेह.

ओलान्झापिन या गोळीने भूक फार वाढते. ‘किती खातोस’ म्हणून टोचू नका. माझ्या बहिणीला आम्ही टोचत राहिलो, तिने गोळ्याच लपवल्या. वजन, कंबर, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आताच मोजून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा. आकडे वहीत त्यालाच लिहू द्या. जेवणात कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी घरात असतेच. शेवभाजीची तर्री आणि थंड पेयं कमी झाली तरी पुष्कळ.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) चालू असेल तर जळगाव-भुसावळचा मे महिना फार जपा. ४५ अंशांत घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम चढतं. पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकंच, एकदम बंद नाही. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणू नका, त्यानेही लिथियम चढतं. जुलाब-उलट्या, हात जास्त थरथरणं, तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

क्लोझापिन ही गोळी असेल तर विडी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. एकदम सोडली की औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पण सोडायला लावाच.

छातीत दुखतंय म्हटल्यावर कुणी ‘मनाचं आहे’ म्हणालं, तर ईसीजीचा आग्रह धरा. तक्रार मात्र त्यालाच सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा. रात्री-अपरात्री अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.