त्यांना बोलते कसे करू?

प्रश्न : माझे यजमान सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. काश्मीरमधील मोहिमेत त्यांचा जवळचा साथीदार त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. आता ते खराडीत सुरक्षा पर्यवेक्षक आहेत. गेले वर्षभर ते रात्री दचकून उठतात, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतात, लग्नकार्यात भिंतीला पाठ लावूनच बसतात आणि गणपतीत ढोल-ताशे वाजू लागले की आतल्या खोलीत जातात. विचारले की चिडतात. नातेवाईक म्हणतात, ‘फौजी माणूस आणि असा घाबरतो?’ मी त्यांना बोलते कसे करू?
— एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे

उत्तर : नातेवाइकांचे ते वाक्य आधी थांबवा, कारण तुमच्या यजमानांना सर्वांत जास्त तेच लागत असणार. हा भित्रेपणा नाही. ज्या सावधपणाने त्यांना तिथे जिवंत ठेवले, तोच घरी आल्यावरही उतरलेला नाही. पत्रावरून निदान करता येत नाही; मात्र दचकणे, झोप मोडणे आणि आठवणी टाळणे महिनाभराहून अधिक काळ टिकून रोजच्या जगण्यात अडथळा आणत असेल, तर आघातोत्तर ताणविकाराची, म्हणजे ‘पीटीएसडी’ची, शक्यता तपासावीच लागते. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत आणि अनेक सैनिकांना भेकड ठरवले जाई. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत ‘पीटीएसडी’ हे निदान यायला १९८० साल उजाडले. लक्षणे कित्येकदा उशिरा, पलटण सुटल्यावर उफाळतात, हेही ध्यानात घ्या.

त्यांना बोलते करण्याची जबाबदारी मात्र तुम्ही स्वतःवर घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. २००० साली अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा आघातानंतर माणसांचा आधार न मिळणे हा धोका वाढवणाऱ्या ठळक घटकांपैकी एक आढळला. पण आधार म्हणजे उलटतपासणी नव्हे. त्या दिवशी काय घडले हे न विचारता ‘रात्री झोप लागली का?’ एवढेच विचारा, मिरवणुकीच्या दिवशी पाहुण्यांना टाळायचे असेल तर टाळू द्या आणि ते दचकून उठले तर हात लावण्याआधी दिवा लावून नावाने हाक मारा. एरवी मात्र घरकोंडेपणा वाढू देऊ नका. पत्नीला जे सांगवत नाही ते युनिटमधल्या जुन्या सोबत्याला सहज सांगितले जाते. निवृत्तीबरोबर नेमकी हीच माणसे तुटतात, म्हणून अशा एखाद्या सोबत्याला चहाला बोलवा. उपचारांची गोष्टही त्याच्याकडूनच निघाली तर अधिक बरे.

आघातकेंद्रित समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांचा चांगला उपयोग होतो. झोपेसाठी दारू किंवा परस्पर गोळ्या घेतल्याने त्रास वाढतो. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे ‘ईसीएचएस’चे, कार्ड असल्यास तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले जाते. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य असून सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठीचा तिचा कक्ष २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपल्या पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. यजमान तयार नसले तरी तुम्ही स्वतःसाठी तिथे फोन करा. वर्षभर तुमचीही झोप मोडते आहे. ते मरणाची भाषा बोलू लागले, तर मात्र त्यांच्या संमतीची वाट न पाहता त्यांना एकटे सोडू नका आणि तत्काळ रुग्णालय गाठा.