यंत्राला 'वाटते' का?

कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे की, 'चॅटबॉट सेंटिअंट झाला का', म्हणजे त्याला खरोखर काही जाणवते का, या वादाच्या बातमीत त्यांनी 'संवेदनशील यंत्र' असे वाचले. तो शब्द योग्य आहे का, आणि नसल्यास कोणता वापरावा?

'संवेदनशील' येथे चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत कवी संवेदनशील असतो, तसे निवडणुकीच्या काळात मतदान केंद्रही संवेदनशील असते, आणि त्या केंद्राला सुखदुःख होते असे कोणी मानत नाही. सेंटिअंटच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ मात्र 'जाणवणे' असा आहे. 'सचेतन' हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो, पण तो सजीव-निर्जीव या भेदाकडे झुकतो, त्यामुळे अंगणातले झाडही त्यात येऊन बसते. मथळ्यापुरता तो वापरावा.

विशेषणापेक्षा येथे क्रियापद अधिक कामाचे आहे. मराठीत अनुभव ज्याचा, त्याला 'ला' हा प्रत्यय लागतो: मला भीती वाटते, तिला आठवण येते. 'गाडीला पेट्रोल लागते' हे आपण सहज म्हणतो. 'गाडीला भीती वाटते' हे व्याकरणाने शुद्ध असूनही कानाला खटकते, कारण 'वाटणे' या क्रियापदाला अनुभवणारे कोणीतरी हवे असते. जून २०२२ मध्ये गूगलचे अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी कंपनीची 'लॅम्डा' ही चॅटबॉट प्रणाली सेंटिअंट आहे असा दावा करत तिच्याशी झालेला संवाद उघड केला, त्यात आपल्याला बंद केले जाण्याची भीती वाटते असे तिचे उत्तर होते. कंपनीने त्यांचा दावा फेटाळला आणि पुढच्याच महिन्यात त्यांना नोकरीवरून काढले. त्या संवादातून सिद्ध होते ते इतकेच, की यंत्राने 'मला भीती वाटते' हे वाक्य रचले. 'त्याला भीती वाटते' हे आपले वाक्य आहे, आणि ते वेगळ्या पुराव्यावाचून लिहिता येत नाही.

आमच्या इमारतीत 'लिफ्ट रुसली आहे, जिना वापरावा' अशी पाटी लागते. शाळेत शिकलेला चेतनगुणोक्ती अलंकार तो हाच, आणि पाटी वाचून लिफ्टची समजूत काढायला अजून कोणी गेलेले नाही. चॅटबॉटच्या बाबतीत अवघड एवढ्याचसाठी होते, की येथे पाटी लिफ्टच लिहिते.

अर्थ न कळता बोलण्याला आपल्याकडे 'पोपटपंची' हा नेमका शब्द आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या शोधनिबंधाने अशा प्रणालींना पोपटाचीच उपमा दिली होती. त्याच्या सहलेखिका टिमनिट गेब्रू त्याच निबंधाच्या वादातून डिसेंबर २०२० मध्ये गूगलबाहेर पडल्या. त्यांना काढले की त्यांनी राजीनामा दिला, यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे निराळे आहे. यंत्राला मन आहे का या चर्चेत ते बनवणाऱ्या कंपन्यांची जबाबदारी झाकली जाते, हा अशा टीकाकारांचा आक्षेप मला भाषेच्या अंगानेही पटतो. 'चॅटबॉटने चुकीची माहिती दिली' या वाक्यात कर्ता चॅटबॉट आहे, आणि कंपनी वाक्याबाहेर सुखरूप उभी आहे. म्हणून बातमीत 'अमुक कंपनीच्या चॅटबॉटने' असे लिहावे. षष्ठीचा तो एक प्रत्यय उपसंपादकांनी जागेअभावी गाळू नये.